नव्या सुया देणे म्हणजे व्यसनाला खतपाणी घालणे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईत राहणारा धाकटा भाऊ आधी पन्नीवर गर्द (हेरॉइन) ओढायचा, आता शिरेत घेतो. तीनदा व्यसनमुक्ती केंद्रात ठेवला, तिन्ही वेळा बाहेर आल्यावर पुन्हा सुरू झाले. हल्ली एका संस्थेचे कार्यकर्ते त्याला नव्या सुया देतात आणि ‘ओएसटीला चल’, म्हणजे गर्दऐवजी औषधाची गोळी देणाऱ्या उपचाराला चल, म्हणून मागे लागतात. हे व्यसनाला खतपाणी घालणे नाही का, आणि घरच्यांनी नेमके काय करायचे?

खतपाणी नाही. सुया बंद केल्या म्हणून टर्की, म्हणजे नशा न मिळाल्याने होणारा शारीरिक त्रास, थांबत नाही. शेवटच्या डोसनंतर आठ-बारा तासांत नाक-डोळे गळू लागतात, जांभया येतात, अंगावर काटा उभा राहतो, हाडे ठणकतात, उलट्या-जुलाब सुरू होतात. दीड ते तीन दिवसांच्या दरम्यान त्रास सर्वांत जास्त असतो. त्या अवस्थेत नवी सुई हाताशी नसली, तर माणूस शेजारी बसलेल्याची वापरलेली सुई उचलतो. व्यसन सोडायचे की नाही हा निर्णय त्या तासाला होत नसतो. तो पुढे कधीतरी होतो, आणि तोवर तुमचा भाऊ जिवंत आणि एचआयव्हीपासून वाचलेला असायला हवा. हानी कमी करणे म्हणतात ते एवढेच.

आपल्याच देशात याची किंमत मोजून झाली आहे. मणिपूरमध्ये 1989-90 च्या सुमारास सुईने हेरॉइन घेणाऱ्यांत एचआयव्ही सापडला आणि अगदी थोड्या काळात तपासलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोक बाधित निघाले. सिरिंज मिळायची मारामार आणि जवळ सापडली तर पोलिसांची भीती, त्यामुळे एकाच सिरिंजवर चार-पाच जण, असा तो प्रकार होता. नंतर 1996 मध्ये त्या राज्याने स्वतःचे एड्सविषयक धोरण आखले आणि सुयांच्या वाटपाला त्यात जागा दिली. देशपातळीवर ‘नॅको’ ही केंद्र सरकारची एड्स नियंत्रण संस्था हे काम आता स्वतःच्या निधीतून करते. तुमच्या भावाला भेटणारी संस्था बहुधा त्याच कार्यक्रमातली आहे. 2021 च्या सरकारी सर्वेक्षणात सुईने नशा करणाऱ्यांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण सुमारे 9 टक्के होते, तर सर्वसाधारण प्रौढांमध्ये सुमारे 0.2 टक्के. सुया वाटल्याने नशा करणारे वाढतात का, हे अनेक देशांत तपासून झाले आहे. ते वाढत नाहीत. उलट सुई घ्यायला येणारा माणूस तपासणी आणि उपचारापर्यंत पोचण्याची शक्यता वाढते.

आता तपशिलाकडे येतो, कारण हे काम फसते ते तपशिलात.

पहिला हिशेब संख्येचा. दिवसातून तीनदा घेणाऱ्याला महिन्याला 90 सुया-सिरिंज लागतात. आठवड्याला दहाच हातात पडल्या, तर प्रत्येक सुई दोनदा वापरली जाणार. जागतिक आरोग्य संघटनेने 2030 साठी माणशी वर्षाला 300 हे लक्ष्य ठेवले आहे. तेव्हा भावाला विचारा, ‘तुला किती लागतात आणि किती मिळतात?’ कमी पडत असतील तर कार्यकर्त्याला स्पष्ट सांगा. ‘जुनी आण, तेव्हाच नवी’ असा एकास एक हट्ट काही ठिकाणी धरतात, तो चुकीचा आहे. जुनी परत यावी हे खरे, पण पोलिसांच्या भीतीने ज्याने ती नाल्यात टाकली, त्याला रिकाम्या हाताने पाठवले तर तो दुसऱ्याचीच वापरणार. वापरलेली सुई टोपण न लावता जाड प्लास्टिकच्या, झाकणाच्या बाटलीत टाकायची आणि बाटली भरली की केंद्रावर द्यायची. टोपण लावताना बोटात टोचते, आणि घरातल्या कचऱ्यात टाकली तर सफाई कामगाराच्या हातात.

दुसरी गोष्ट बहुतेकांना माहीतच नसते. दोघांनी पैसे काढून एक पुडी आणलेली असते. दोघांकडेही नव्या सुया असतात, आणि तरीही एकाचा हेपेटायटिस सी दुसऱ्याला होतो. कसा? माल एकाच बाटलीच्या बुचात किंवा चमच्यात गरम होतो, पाणी एकाच ग्लासातून घेतले जाते, गाळायला कापसाचा बोळा एकच असतो आणि सारखी वाटणी व्हावी म्हणून एकाच सिरिंजने मोजून दुसऱ्याच्या सिरिंजमध्ये सोडतात. ती मोजणारी सिरिंज आधी वापरलेली असेल, तर तिच्यातले रक्त चमच्यात, पाण्यात, कापसात, सगळीकडे जाते. हेपेटायटिस सी चा विषाणू सिरिंजमधल्या उरलेल्या थेंबात कित्येक आठवडे टिकू शकतो, आणि ब्लीचने धुतल्यावर तो नक्की मेला असे म्हणता येत नाही. म्हणून चमचा, पाणी, कापूस, सिरिंज हे सगळे ज्याचे त्याचे. वाटणी करायचीच असेल तर कोऱ्या सिरिंजने.

गर्द पाण्यात नीट विरघळत नाही म्हणून काही जण त्यात लिंबू पिळतात. लिंबाच्या रसातली बुरशी रक्तातून डोळ्यात जाते आणि नजर कायमची जाऊ शकते, हे त्यांना कोणीतरी सांगितलेच पाहिजे. गोळ्या कुटून शिरेत घेणे त्याहून वाईट, कारण गोळीतला न विरघळणारा भुगा रक्तवाहिन्या बुजवतो. ब्युप्रेनॉर्फिन या वेदनाशामकाच्या इंजेक्शनमध्ये एव्हिल हे ॲलर्जीचे औषध मिसळून घेणाऱ्यांच्या शिरा लवकर कडक होतात आणि गळवे होतात. शिरा संपल्या की माणूस मान आणि जांघेकडे वळतो. तिथे धमनी आणि मज्जातंतू अगदी लगत असतात, तेव्हा त्या जागा नकोतच. टोचल्यावर रक्त लाल भडक आणि उसळत आले तर सुई धमनीत गेली आहे. ती लगेच काढून किमान दहा मिनिटे घट्ट दाबून धरायचे आणि रुग्णालय गाठायचे. स्पिरिटचा बोळा टोचण्याआधी फिरवायचा आणि कातडी वाळू द्यायची. टोचल्यानंतर कोरडा कापूस दाबायचा. गळू पिळायचे नाही, फोडायचे नाही. सूज वाढून त्याबरोबर ताप आला, किंवा कुठे गळू नसतानाही दोन-तीन दिवस थंडीताप आणि धाप असेल, तर हृदयाच्या झडपांना जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. मग घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नका.

ओएसटीबद्दल घरोघरी गैरसमज आहे की ‘एक नशा सोडवून दुसरी लावतात’. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली ठेवायची असते. ती मेंदूतल्या त्याच जागांना चिकटते जिथे हेरॉइन चिकटते, पण सावकाश आणि एका मर्यादेपर्यंत. परिणाम असा की टर्की लागत नाही, धुंदीही चढत नाही, आणि एका डोसवर माणूस दिवसभर हमाली करू शकतो, रिक्षा चालवू शकतो, मुलाला शाळेत सोडू शकतो. पुडीच्या पैशासाठी दिवसातून तीनदा होणारी धावपळ थांबते. नॅकोच्या केंद्रांवर हे औषध मोफत आहे.

सुरुवात मात्र नियमाने करावी लागते. पहिला डोस टर्की स्पष्ट दिसू लागल्यावरच. बाहुल्या मोठ्या, नाक गळतेय, अंगावर काटा, असे दिसायला शेवटच्या गर्दनंतर साधारण आठ ते बारा तास जावे लागतात. घाईने आधीच घेतला, तर ब्युप्रेनॉर्फिन हेरॉइनला जागेवरून ढकलते आणि भयंकर टर्की एकदम येते. असा माणूस ‘हे औषध मला चालत नाही’ म्हणून कायमचा पळतो. पहिल्या दिवशी सहसा 2 ते 4 मिलिग्रॅम देऊन तास-दोन तास बघतात आणि गरजेप्रमाणे वाढवतात. पुढच्या काही दिवसांत बहुतेकांचा डोस 8 ते 16 मिलिग्रॅमच्या दरम्यान स्थिरावतो. खिडकीवर नर्स गोळी चुरून जिभेखाली घालते. ती पूर्ण विरघळेपर्यंत, म्हणजे पाच ते दहा मिनिटे, गिळायचे नाही, बोलायचे नाही, चहा-विडी नाही. लाळेबरोबर गिळली तर औषधाचा बराचसा भाग वाया जातो आणि संध्याकाळी टर्की लागते. भाऊ ‘गोळी लागत नाही’ म्हणत असेल तर आधी हे तपासा, मग डोस पुरेसा आहे का ते.

डोसचा कंजूसपणा हे ओएसटी फसण्याचे माझ्या मते सर्वांत मोठे कारण आहे. 2-4 मिलिग्रॅमवर महिनोन् महिने ठेवलेला माणूस वरून गर्द घेणारच, आणि दोष त्याच्या इच्छाशक्तीला दिला जातो. दुसरे कारण म्हणजे घाईने बंद करणे. ही एकवीस दिवसांची शिबिरे नव्हेत. औषध वर्षभर किंवा अनेक वर्षे चालू शकते, आणि मधुमेहाच्या गोळ्यांबद्दल ‘कधी सुटणार?’ असे जसे कोणी दर महिन्याला विचारत नाही, तसे इथेही विचारू नये. तिसरे कारण फार कमी लोकांच्या लक्षात येते. या लोकांमध्ये टीबी पुष्कळ असतो, आणि टीबीच्या औषधांतले रिफॅम्पिसिन ब्युप्रेनॉर्फिनची रक्तातली पातळी खाली आणते. टीबीचे उपचार सुरू झाले आणि पंधरवड्यात माणूस पुन्हा सुईवर गेला, तर तो बिघडलेला नाही, त्याचा डोस कमी पडतोय. ओएसटीच्या डॉक्टरांना टीबीची फाइल दाखवायचीच.

त्याच केंद्रातून एचआयव्ही, हेपेटायटिस बी आणि सी या तिन्हींच्या तपासण्या करून घ्या. हेपेटायटिस बी ची लस आहे. हेपेटायटिस सी साठी 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटासव्हिर मोफत मिळतात. साधारण 12 आठवडे रोज गोळ्या आणि बहुतेक जण पूर्ण बरे होतात. ‘नशा बंद केल्याशिवाय उपचार नाही’ असे कोणी म्हटले तर ते ऐकून परत फिरू नका. नशा चालू असणे हे उपचार नाकारण्याचे वैद्यकीय कारण नाही.

आता ओव्हरडोस. घरातल्या प्रत्येकाला हे पाठ हवे. ओठ-नखे निळसर किंवा राखाडी, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, घशातून घुरघुर, श्वास मंद, हाका मारून आणि छातीच्या मधल्या हाडावर बोटांच्या गाठी जोराने चोळूनही प्रतिसाद नाही. घोरतोय म्हणून ‘झोपू दे’ म्हणणे इथे जिवावर बेतते. 108 ला फोन करा. तोंडातले अन्न, वांती काढा. डोके मागे झुकवा, हनुवटी वर उचला, नाक चिमटीत धरा आणि दर पाच सेकंदांनी एक श्वास तोंडाने द्या, छाती वर येतेय ना ते पाहत. अफूवर्गीय ओव्हरडोसमध्ये माणूस श्वास थांबल्याने मरतो, म्हणून रुग्णवाहिका येईपर्यंत तुमचा श्वास हाच उपचार. नॅलोक्सोन या उताऱ्याच्या औषधाचे 0.4 मिलिग्रॅमचे इंजेक्शन प्रशिक्षित माणसाकडे असेल तर दंड किंवा मांडीच्या स्नायूत द्यायचे, दोन-तीन मिनिटांत फरक न पडल्यास पुन्हा. त्याचा असर अर्धा ते दीड तास टिकतो आणि हेरॉइन त्याहून जास्त वेळ राहू शकते. म्हणजे उठून बसला, ‘बरा आहे’ म्हणाला, तरी किमान दोन तास एकटे सोडायचे नाही आणि पुन्हा नशा करू द्यायची नाही. श्वास नीट चालू असेल पण शुद्ध नसेल तर कुशीवर वळवून ठेवा. मिठाच्या पाण्याचे किंवा दुधाचे इंजेक्शन, डोक्यावर बादलीभर गार पाणी, तळपायावर फटके, हे सगळे अजूनही चालते आणि त्यात हातचा वेळ जातो. गर्दबरोबर दारू किंवा नायट्राझेपामच्या गोळ्या, ज्यांना वस्तीत ‘बटन’ म्हणतात, घेतल्या असतील तर धोका कैक पटींनी वाढतो, आणि गोळ्यांवर नॅलोक्सोन चालत नाही. ओएसटी घेणाऱ्यालाही हे लागू आहे.

भाऊ दारूही रोज भरपूर पीत असेल, तर ती अचानक तोडू नका. गर्दची टर्की असह्य असते, पण तिने सहसा जीव जात नाही. दारू किंवा झोपेच्या गोळ्या अचानक तोडल्याने मात्र जाऊ शकतो. दारू बंद केल्यावर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवसांत भ्रम, थरकाप, ताप. ही सोडवणूक डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, थायमिनसकट (ब1 जीवनसत्त्व).

केंद्रातून तीनदा परत येऊन पुन्हा सुरू झाले, याबद्दल. पुण्यात 1986 साली अनिता आणि अनिल अवचट यांनी उभे केलेल्या मुक्तांगणसारख्या कामामुळे मराठी माणसाला व्यसनी व्यक्ती म्हणजे आजारी व्यक्ती हे पहिल्यांदा पटले. पूर्ण सोडण्याची वाट तिथून आहे आणि ती ज्याला जमते त्याने धरावी. पण ‘व्यसनमुक्ती केंद्र’ अशी पाटी लावून साखळदंड, मारझोड आणि औषधाविना कोंडून ठेवण्याचे धंदेही चालतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 नुसार दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे विकार मानसिक आजारात मोडतात, अशा केंद्राला नोंदणी लागते आणि कोणालाही साखळीने बांधायला सक्त मनाई आहे. नोंदणी क्रमांक विचारा, डॉक्टर रोज येतात का विचारा, भेटायला पहिला महिना बंदी असेल तर तिथे ठेवू नका. आणि हे लक्षात घ्या की अशा कोंडीतून बाहेर आलेल्याच्या शरीराची सवय मोडलेली असते. तो जुन्याच मात्रेने घेतो आणि मरतो. केंद्र असो वा तुरुंग, सुटकेनंतरचे पहिले दोन आठवडे सर्वांत धोक्याचे.

यात सामाजिक न्याय कुठे आला? अगदी मुळात. गर्द महाग झाली की पन्नीवर ओढणे परवडत नाही. शिरेत घेतल्यावर थोड्याच मालात काम भागते. म्हणून छापासत्रानंतर भाव चढतात तेव्हा सुईवर जातो तो कचरावेचक आणि नाका कामगार. ज्याला स्वतःची खोली आहे तो दार लावून, हात धुऊन, उजेडात घेतो. ज्याला नाही तो रुळांच्या कडेला, पुलाखाली, शिट्टी वाजेल या धास्तीने घाईघाईत टोचतो. गळवे, चुकलेल्या शिरा आणि एकट्याने होणारे मृत्यू याच घाईतून येतात. पदार्थ दोघांचा एकच असतो.

कायदाही सारखा पडत नाही. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायदा 1985 च्या कलम 27 खाली हेरॉइन सेवनाला एक वर्षापर्यंत कैद किंवा 20 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हेरॉइनची ‘अल्प मात्रा’, म्हणजे शिक्षा सर्वांत कमी ठरणारे वजन, 5 ग्रॅमपर्यंत. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीरा सिंग प्रकरणात ठरवले की भेसळीसकट सगळे वजन धरायचे. रस्त्यावरच्या पुडीत भेसळच जास्त असते, म्हणजे सर्वांत हलका माल घेणाऱ्या गरिबाचे वजन कागदावर सर्वांत जड. मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयांतल्या 2017 आणि 2018 च्या दहा हजारांवर प्रकरणांचा अभ्यास ‘विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी’ने 2020 मध्ये मांडला. त्यातली बहुतेक गांजा ओढण्याची होती, आरोपींनी गुन्हा कबूल करून टाकला होता, आणि ते प्रामुख्याने रोजंदारीवरचे, झोपडपट्टीतले, फुटपाथवरचे लोक होते. बेघर माणसावर भिक्षा प्रतिबंधक कायद्याचीही टांगती तलवार असते.

बायकांचे हाल वेगळेच. जोडप्यात सुई आधी नवऱ्याला, मग तीच तिला. सुया वाटणारे पुरुष, केंद्रावर रांग पुरुषांची, वेळ स्वयंपाकाची. गरोदर बाई नशा करत असेल तर तिने एकदम बंद करू नये, गर्भाला धोका असतो; ओएसटी गरोदरपणात देता येते. हे सांगणारे कोणी भेटत नाही म्हणून ती दवाखानाच टाळते.

तुमच्या हातात कायद्याच्या चार गोष्टी आहेत. एचआयव्ही-एड्स कायदा 2017, कलम 22: नोंदणीकृत कार्यक्रमातून सुई देणारा आणि घेणारा, दोघेही गुन्हेगार नाहीत, ओएसटीलाही हेच संरक्षण. एनडीपीएस कलम 64 अ: अल्प मात्रेच्या प्रकरणात माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर खटल्यापासून संरक्षण मिळू शकते, पण उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येते. कलम 39: शिक्षेऐवजी उपचारासाठी सोडण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. मोफत वकिलासाठी 15100. व्यसनाबद्दलच्या मदतीसाठी 14446, एचआयव्ही आणि ओएसटी केंद्राच्या माहितीसाठी 1097.

भावाचे ओएसटी कार्ड, संस्थेचे ओळखपत्र, डॉक्टरांची डोस लिहिलेली चिठ्ठी आणि टीबी-एचआयव्हीचे कागद यांच्या दोन-दोन झेरॉक्स करून एक संच घरी, एक संस्थेत ठेवा. उचलून नेले तर पहिल्याच हजेरीला वकिलामार्फत दंडाधिकाऱ्यांसमोर डोसची चिठ्ठी ठेवून औषध चालू ठेवण्याची लेखी मागणी करा. दिल्लीच्या तिहार तुरुंगात 2008 पासून ओएसटी देऊन झाले आहे, तेव्हा ‘तुरुंगात शक्य नाही’ हे उत्तर ग्राह्य धरू नका. सुटेल त्याच दिवशी त्याला केंद्रावर न्या. मधे पाचपेक्षा जास्त दिवस औषध चुकले असेल तर जुना डोस एकदम द्यायचा नाही. नर्सला खंड किती दिवसांचा ते सांगून कमी मात्रेपासून पुन्हा चढवायला सांगा.